परतलेल्या विमानाची साक्ष : डीसी-१० विमानाच्या मालकक्षाचा दरवाजा आणि दुर्लक्षित पूर्वसूचनेचा इतिहास

सारांश

उड्डाणात यंत्रणा निकामी झाल्यामुळे माघारी फिरलेले आणि सुखरूप उतरलेले प्रवासी विमान इतिहासलेखनात सहसा स्थान मिळवत नाही. जीवितहानी झाली नाही, की प्रसंग ‘घटना’ या सदरात जमा होतो व विस्मृतीत जातो. प्रस्तुत लेखात १२ जून १९७२ रोजी डेट्रॉइटला परतलेले अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० विमान आणि ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ कोसळलेले तुर्की एअरलाइन्सचे त्याच जातीचे विमान यांच्यातील कार्यकारणसंबंध तपासला आहे. त्यास पूरक म्हणून १९८७-८९ मधील बोइंग ७४७ व २०१० मधील एअरबस ए-३८० या विमानांची उदाहरणे घेतली आहेत. परतलेले विमान हा अपघातशास्त्रातील सर्वांत संपूर्ण पुरावा असतो. परंतु त्या पुराव्याचे मूल्य मृतांच्या संख्येवर ठरविण्याची संस्थांची सवय घातक ठरते, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजशब्द : विमानवाहतुकीचा इतिहास, डीसी-१०, वायुदाब, उड्डाणयोग्यता आदेश, पूर्वसूचना, नियमन.

प्रस्तावना

विमान-अपघातांचा इतिहास बहुतांशी अवशेषांवरून लिहिला गेला आहे. जळालेला सांगाडा, समुद्रतळातून काढलेली ध्वनिमुद्रण-पेटी आणि मृतांची यादी ही त्याची नेहमीची साधने होत. अशा साधनांतून इतिहास घडविताना अभ्यासकाला तर्काचा मोठा आधार घ्यावा लागतो, कारण जे सांगू शकले असते ते हयात नसतात आणि जे यंत्र बोलू शकले असते ते भग्न झालेले असते. याउलट, बिघाड होऊनही परत आलेल्या विमानात सर्व काही जागच्या जागी असते. तुटलेला भाग पाहता येतो, वैमानिकांची जबानी घेता येते, दरवाजा लावणाऱ्या कामगाराला विचारता येते. साधनांच्या दृष्टीने यापेक्षा समृद्ध दप्तर असू शकत नाही. असे असूनही हे दप्तर वाचले का जात नाही, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी डीसी-१० या त्रि-इंजिनी रुंद विमानाच्या मागील मालकक्षाच्या दरवाजाचे उदाहरण निवडले आहे. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, या प्रकरणातील पूर्वसूचना, शिफारशी व निर्णय यांची कागदपत्रे अपघातानंतर झालेल्या चौकशांतून व न्यायालयीन कामकाजातून सार्वजनिक झाली आहेत. दुसरे म्हणजे, परतलेले विमान आणि न परतलेले विमान यांच्यात येथे दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असून बिघाडाचे मूळ एकच आहे. इतिहासात इतकी स्वच्छ तुलना क्वचितच हाती लागते.

परतणे : तांत्रिक अर्थ

विमान ‘परत वळविले’ हे वाक्य वृत्तपत्रात साधे वाटते. प्रत्यक्षात परतणे ही एक अवघड क्रिया आहे. लांब पल्ल्याचे विमान उड्डाणाच्या वेळी इंधनाने भरलेले असते आणि उतरताना जितके वजन त्याची चाके व सांगाडा पेलू शकतात त्याहून ते पुष्कळ जड असते. त्यामुळे इंधन हवेत सोडून द्यावे लागते, अथवा जादा वजनासह अधिक वेगाने उतरण्याचा धोका पत्करावा लागतो. शिवाय परतण्यासाठी तीन गोष्टी शिल्लक असाव्या लागतात : उंची, वेळ आणि नियंत्रण. यांतील एक जरी नसली तरी वैमानिकाचे कौशल्य निरुपयोगी ठरते.

मुंबईच्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्यू पावले. विमानाचा कल दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले होते. खाली काळोखा समुद्र असल्याने क्षितिज दिसत नव्हते, आणि चुकीच्या उपकरणावर विसंबून विमान डावीकडे अधिकाधिक कलविले गेले. यंत्रे, इंजिने, सांगाडा सारे शाबूत होते. फक्त चूक उमगण्याइतका वेळ व उंची नव्हती. तेव्हा जे विमान परतते ते केवळ दैवाने परतत नाही. काही तरी शिल्लक राहिले म्हणून ते परतते. नेमके काय शिल्लक राहिले आणि किती थोडक्यात राहिले, हे तपासणे हाच परतलेल्या विमानाचा खरा अभ्यास होय.

दरवाजाची रचना आणि १९७० ची चाचणी

उंचावर उडणाऱ्या विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवून ठेवलेला असतो. बाहेरची हवा विरळ होत जाते तसतसा आतला दाब भिंतींना आणि दरवाजांना बाहेर ढकलू लागतो. प्रवाशांचे दरवाजे बहुधा बुचाप्रमाणे आतून चौकटीत बसतात, त्यामुळे दाब वाढला की ते अधिकच घट्ट होतात. मालकक्षाचा दरवाजा असा केल्यास आतली जागा वाया जाते. म्हणून डीसी-१० मध्ये तो बाहेर उघडणारा ठेवला गेला. असा दरवाजा दाबाने आपोआप बंद राहत नाही. तो कड्यांच्या जोरावर बंद राहतो. सारा भरवसा कड्या पूर्ण बसल्या आहेत की नाहीत यावर येतो.

या कड्या फिरविण्यासाठी आरंभी द्रवदाबावर चालणारी यंत्रणा योजली होती. पुढे वजन वाचविण्यासाठी विजेवर चालणारी यंत्रणा स्वीकारण्यात आली. कड्या बसल्यावर बाहेरील मुठीने अडसर सरकवावयाचा आणि त्याच मुठीने एक लहान झडप बंद करावयाची, अशी योजना होती. कड्या अर्धवट बसल्या असतील तर मूठ फिरणार नाही, झडप उघडी राहील, विमानात दाबच निर्माण होणार नाही आणि दोष जमिनीलगतच लक्षात येईल, असे गृहीत धरले होते. गृहीतात उणीव होती. मुठीवर पुरेसा जोर लावला तर आतील सळ्या वाकत. अडसर जागेवर न जाताही मूठ बंद होई, झडप मिटे आणि वैमानिकांपुढील सूचक दिवा विझे. थोडक्यात, दरवाजा लागलेला नसताना लागल्यासारखा दिसे.

दुसरी उणीव मजल्याची होती. या विमानात प्रवाशांच्या पायाखालच्या मजल्याच्या आतून सुकाणू व शेपटीकडील नियंत्रणाच्या तारा आणि द्रवदाबाच्या नळ्या मागे जात. मालकक्षाचा दरवाजा उडाला तर खालच्या कक्षातील दाब क्षणात नाहीसा होतो, वरच्या कक्षातील दाब मात्र राहतो आणि मजला खाली खचतो. मजल्यात दाब समान करणारी पुरेशी छिद्रे नव्हती. म्हणजे एका दरवाजाच्या दोषाचा परिणाम थेट नियंत्रणावर होण्याची वाट रचनेतच तयार होती.

ही केवळ नंतरची उपपत्ती नव्हे. २९ मे १९७० रोजी, पहिले विमान ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वीच, जमिनीवरील दाब-चाचणीत मालकक्षाचा दरवाजा उडाला आणि मजल्याचा भाग खचला. चाचणीत नेमका तोच क्रम घडला जो पुढे आकाशात घडावयाचा होता. त्यानंतर झडपेची योजना आली. मजला तसाच राहिला. मॅकडॉनेल डग्लस या उत्पादक कंपनीने दोष पाहिला, परंतु तो दरवाजाचा दोष म्हणून पाहिला, संपूर्ण विमानाचा दोष म्हणून पाहिला नाही.

१२ जून १९७२ : विंडसरवरील प्रसंग

लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्ककडे जाणारे अमेरिकन एअरलाइन्सचे उड्डाण ९६ हे १२ जून १९७२ रोजी सायंकाळी डेट्रॉइटहून बफेलोकडे निघाले. विमानात ५६ प्रवासी व ११ कर्मचारी होते. निघण्यापूर्वी मागील मालकक्षाचा दरवाजा लावताना कामगाराला मूठ बंद होईना. त्याने गुडघ्याचा जोर लावून ती बंद केली. झडप किंचित तिरकी दिसल्याने त्याने तंत्रज्ञाला दाखविले आणि तंत्रज्ञाने विमान सोडण्यास हरकत नाही असे ठरविले. वैमानिकांपुढील दिवा विझलेला होता. नियमाप्रमाणे सारे ठीक होते.

सुमारे पाच मिनिटांनी, कॅनडातील विंडसर शहरावर ११,७५० फूट उंचीवर दरवाजा उडून गेला. कक्षात धूळ उसळली, मागील भागातील मजला खचला, शेपटीकडील इंजिन मंदावले, सुकाणूचा पेडल अडकून बसला आणि शेपटीकडील नियंत्रण जवळजवळ बधिर झाले. मालकक्षातील शवपेटीसह काही सामान खाली पडले. क्षणभर कप्तान ब्राइस मॅकॉर्मिक यांना विमानांची टक्कर झाल्याचा भास झाला.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. डीसी-१० चे प्रशिक्षण घेताना मॅकॉर्मिक यांना एक शंका होती : या मोठ्या विमानाची द्रवदाब-यंत्रणा संपूर्ण गेली तर ते चालवायचे कसे? म्हणून त्यांनी सिम्युलेटरवर इंजिनांची शक्ती कमीजास्त करून विमान वळविण्याचा व उंचसखल करण्याचा सराव केला होता. हा सराव अभ्यासक्रमाचा भाग नव्हता. विंडसरवर तोच कामी आला. पंखांखालील दोन इंजिनांच्या शक्तीत फरक ठेवून त्यांनी विमान सावकाश वळविले, प्रवाशांशी शांतपणे बोलून त्यांना परतण्याची कल्पना दिली आणि नेहमीपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने ते डेट्रॉइटच्या धावपट्टीवर उतरविले. विमान उजवीकडे गवतात ओढले जाऊ लागले तेव्हा सहवैमानिकाने इंजिनांचा उलट जोर विषम ठेवून ते सावरले. सर्व ६७ जण वाचले. काहींना दुखापती झाल्या.

आता ‘काय शिल्लक राहिले’ हा प्रश्न विचारला पाहिजे. विमानाच्या मागील भागात त्या दिवशी कमी प्रवासी होते. तेथे बसण्याऐवजी विश्रामकक्ष होता. मजल्यावरचा भार हलका असल्याने तो पूर्ण कोसळला नाही. काही तारा अडकल्या, काही निसटल्या, पण काही टिकल्या. त्यांच्यावर आणि एका कप्तानाच्या खासगी शंकेवर ६७ जणांचे प्राण तरले. यशाचा हा आधार इतका बारीक होता की ते यश पुन्हा मिळेल असे मानण्यास कोणतेही कारण नव्हते.

शिफारस, सौजन्य आणि कागद

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अंतिम अहवालाची वाट न पाहता ६ जुलै १९७२ रोजी, म्हणजे महिना पूर्ण होण्यापूर्वीच, दोन शिफारशी केल्या. पहिली, कड्या पूर्ण बसल्याशिवाय अडसर सरकूच नये अशी रचना करावी. दुसरी, मजल्यात दाब समान करणारी छिद्रे ठेवावीत. या दोन शिफारशींत दोषाचे दोन्ही अर्ध आले होते. निदान अचूक होते, औषधही अचूक होते.

परंतु मंडळाला आदेश देण्याचा अधिकार नव्हता. तो फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन (यापुढे एफएए) या नियामक संस्थेकडे होता. दोषाविषयी कायद्याने बंधनकारक असा ‘उड्डाणयोग्यता आदेश’ काढण्याची तयारी एफएएच्या पश्चिम विभागीय कार्यालयात झाली होती. त्याच सुमारास डग्लस विभागाचे अध्यक्ष जॅक्सन मॅकगोवेन आणि एफएएचे प्रमुख जॉन शॅफर यांच्यात दूरध्वनीवर बोलणे झाले आणि आदेशाऐवजी कंपनीने स्वतःच विमानकंपन्यांना ‘सेवा-पत्रक’ पाठवून सुधारणा करून घ्यावी असे ठरले. हा समझोता पुढे ‘जंटलमेन्स ॲग्रीमेंट’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. आदेश आणि पत्रक यांत फरक असा की आदेश पाळला नाही तर विमान उडू शकत नाही, पत्रक मात्र सवडीने पाळता येते. मजल्याच्या शिफारशीवर, तसे करणे व्यवहार्य नाही, असे उत्तर देण्यात आले.

या निर्णयामागे लाचलुचपत शोधण्याची गरज नाही. स्पर्धक लॉकहीडचे विमान बाजारात होते, बंधनकारक आदेशाने नव्या विमानाची प्रतिमा डागाळली असती आणि विंडसरवर कोणी मेले नव्हते. शेवटचे कारण उघडपणे कोणी मांडण्याचे कारण नव्हते. तथापि त्याच्या छायेत बाकीची कारणे वजनदार वाटली.

उत्पादनसाखळीतच याविषयी अस्वस्थता होती. सांगाडा व दरवाजे बनविणाऱ्या कॉन्व्हेअर या उपकंत्राटदार कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी २७ जून १९७२ रोजी, विंडसरनंतर पंधरवड्याने, आपल्या वरिष्ठांना टिपण पाठविले. झडपेसारख्या डागडुजीने मूळ दोष जात नाही, पुढील वीस वर्षांत या विमानांचे दरवाजे उघडणार आणि त्यातून विमाने नष्ट होणार, असा त्याचा आशय होता. वरिष्ठांनी टिपणातील तांत्रिक मुद्दे नाकारले नाहीत. मात्र ते मुख्य कंपनीकडे नेल्यास सुधारणेचा खर्च आपल्या माथी येईल, या विचाराने टिपण पुढे गेले नाही. अपघाताचे भाकीत करणारा दस्तऐवज खर्चाच्या वाटणीच्या प्रश्नात अडकून पडला.

याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील कारखान्यात ‘शिप २९’ या क्रमांकाचे विमान उभे होते. पत्रकानुसार त्याच्या दरवाजात एक आधारपट्टी बसवावयाची होती, म्हणजे सळ्या वाकणार नाहीत. ती बसविल्याची नोंद तपासनिसांच्या शिक्क्यांसह दप्तरात आहे. प्रत्यक्षात ती बसविलेली नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये हे विमान तुर्की एअरलाइन्सकडे सुपूर्द झाले.

३ मार्च १९७४ : एर्मनोंव्हिल

३ मार्च १९७४ हा रविवार होता. इस्तंबूलहून आलेले उड्डाण ९८१ पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर थांबून लंडनला जावयाचे होते. लंडनमधील संपामुळे इतर उड्डाणे रद्द झाल्याने अनेक प्रवाशांनी या विमानात जागा घेतल्या. त्यांत आदल्या दिवशीचा फ्रान्स-इंग्लंड रग्बी सामना पाहून परतणारे इंग्रज होते, तरुण जपानी प्रशिक्षणार्थी होते, कुटुंबे होती. विमान जवळजवळ भरले; मागील भागही भरला.

दरवाजा लावणाऱ्या कामगाराला मूठ फिरविताना विशेष अडचण आली नाही. अडसर दिसावा म्हणून दरवाजात बसविलेल्या छोट्या काचेतून पाहणे हे त्याचे काम नव्हते, आणि ज्याने पाहावयाचे त्याने पाहिले नाही. त्याविषयीच्या सूचना तुर्की व इंग्रजी भाषांत लिहिलेल्या होत्या. त्या कामगाराला या दोन्ही वाचता येत नव्हत्या. वैमानिकांपुढील दिवा विझलेला होता. या वेळीही नियमाप्रमाणे सारे ठीक होते.

उड्डाणानंतर सुमारे दहा मिनिटांनी, विंडसरएवढ्याच उंचीवर, दरवाजा उडाला. मागील मजला प्रवाशांच्या भारासह कोसळला. सहा प्रवासी आसनांसह बाहेर फेकले गेले. नियंत्रणाच्या सर्व तारा तुटल्या. कप्तान नेजात बेर्कोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. सुमारे सव्वा मिनिटात विमान एर्मनोंव्हिलच्या जंगलात आदळले. सर्व ३४६ जण मृत्यू पावले. तोपर्यंतच्या विमानवाहतुकीतील ही सर्वांत मोठी जीवितहानी होती.

विंडसर आणि एर्मनोंव्हिल यांतील फरक यंत्राचा नव्हता. विमानाची जात तीच, दरवाजा तोच, उंची तीच. मागच्या भागातील आसने भरलेली असणे एवढाच निर्णायक फरक होता. फ्रेंच चौकशी आयोगाच्या १९७६ च्या अहवालाने याच गोष्टीवर बोट ठेवले : सारे धोके विंडसरवर उघड झाले होते, परंतु परिणामकारक उपाय झाला नाही. आता उपाय झाले. दरवाजाविषयी बंधनकारक आदेश निघाला आणि १९७५ मध्ये एफएएने सर्व रुंद विमानांच्या मजल्यांत दाब समान करण्याची व्यवस्था सक्तीची केली. १९७२ मध्ये ‘अव्यवहार्य’ असलेली गोष्ट तीन वर्षांत व्यवहार्य झाली. मधल्या काळात अभियांत्रिकीचे ज्ञान बदलले नव्हते. मृतांची संख्या बदलली होती.

पुनरावृत्ती : १९८७ आणि १९८९

एका उदाहरणावरून नियम काढणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. म्हणून दुसरी जोडी पाहू. १० मार्च १९८७ रोजी लंडनहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या पॅन अमच्या बोइंग ७४७ विमानात सुमारे २०,००० फुटांवर दाब टिकेना. वैमानिक परत फिरले. लंडनला उतरल्यावर मालकक्षाचा दरवाजा खालच्या कडेला सुमारे दीड इंच उघडा आढळला. बाहेरची मूठ बंद होती. आतले अडसर वाकलेले होते. चौकशीअंती अडसरांना पोलादी आधार देण्याचा आदेश १९८८ मध्ये एफएएने काढला. यावेळी सेवा-पत्रकावर भागविले नाही, ही प्रगती म्हणावी लागेल. परंतु आदेशाच्या पूर्ततेसाठी दीड ते दोन वर्षांची मुदत देण्यात आली.

मुदत संपण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९८९ रोजी, होनोलुलूहून ऑकलंडकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या उड्डाण ८११ चा पुढील मालकक्षाचा दरवाजा २२,००० फुटांहून अधिक उंचीवर उडाला. विमानाची उजवी बाजू फाटली आणि आसनांसह नऊ प्रवासी रात्रीच्या समुद्रावर फेकले गेले. उजव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद करावी लागली. कप्तान डेव्हिड क्रोनिन यांनी विमान होनोलुलूला परत आणले. उरलेले ३४६ जण वाचले. या विमानात सुधारणा अद्याप झालेली नव्हती. सुधारणेची मुदत त्यानंतर तीस दिवसांवर आणण्यात आली.

या प्रकरणाचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. सुरक्षा मंडळाच्या १९९० च्या पहिल्या अहवालाने दरवाजा नीट न लावल्याचा निष्कर्ष काढला होता. मृतांपैकी एका तरुणाच्या न्यूझीलंडमधील माता-पित्यांनी मात्र कागदपत्रे मिळवून स्वतः अभ्यास केला आणि विजेच्या यंत्रणेतील दोषाकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी प्रशांत महासागराच्या तळातून दरवाजा काढण्यात आला. १९९१ मध्ये न्यूयॉर्क येथे जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका ७४७ चा दरवाजा आपोआप उघडला. १९९२ मध्ये मंडळाने अहवाल बदलून विजेच्या दोषामुळे कड्या आपोआप फिरल्या, असा निष्कर्ष नोंदविला. १९८७ च्या प्रसंगानंतर बोइंग व एफएए यांनी वेळीच उपाय न करणे हे मंडळाने अपघाताचे सहायक कारण मानले. परतलेल्या विमानाची साक्ष न वाचणे, हेच अपघाताचे कारण म्हणून अधिकृत अहवालात नोंदले गेले.

वेगळी वाट : सिंगापूर, २०१०

साक्ष वाचली गेली तर काय होते? ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीकडे निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ए-३८० विमानाचे एक इंजिन इंडोनेशियातील बाताम बेटावर सुमारे ७,००० फूट उंचीवर फुटले. चक्रीचे तुकडे पंख भेदून गेले आणि अनेक यंत्रणा निकामी झाल्या. विमानात ४६९ जण होते. कप्तान रिचर्ड द क्रेस्पिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाई केली नाही. जवळजवळ तासभर घिरट्या घालून एकेक यंत्रणा तपासली, विमान उतरू शकेल काय याचा हिशेब केला आणि मगच ते चांगी विमानतळावर उतरविले. कोणालाही इजा झाली नाही.

विमानकंपनीने आपली सर्व ए-३८० विमाने तत्काळ जमिनीवर ठेवली. युरोपीय नियामकाने आठवड्याभरात तातडीचा आदेश काढला. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी मंडळाने महिन्याच्या आत, १ डिसेंबर रोजी, सुरक्षा-शिफारस जाहीर केली : इंजिनातील तेलाची एक लहान नळी केंद्र चुकवून कोरली गेल्याने तिची एक भिंत पातळ झाली होती, ती तडकून तेल पेटले होते. तशी नळी असलेली इंजिने शोधून काढण्यात आली. विंडसरप्रमाणे येथेही कोणी मेले नव्हते. परंतु येथे ‘काय झाले’ याबरोबर ‘काय होऊ शकले असते’ हाही प्रश्न पहिल्या दिवशी विचारला गेला.

चर्चा

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रतिवर्षी कितीतरी विमाने लहानमोठ्या बिघाडांमुळे परततात. त्यांतील कोणते पुढील अनर्थाची नांदी आहे हे आधी कसे ओळखावे? जे घडून गेले ते जाणणाऱ्या इतिहासकाराला पूर्वीच्या माणसांवर दोषारोप करणे सोपे असते. या आक्षेपाची कसोटी समकालीन दस्तऐवजच देऊ शकतात. डीसी-१० च्या बाबतीत १९७० ची चाचणी, ६ जुलै १९७२ च्या शिफारशी आणि ॲपलगेट यांचे टिपण हे सारे पॅरिसपूर्वीचे आहेत. ज्ञान उपलब्ध होते, लिखित होते आणि योग्य टेबलांच्या जवळपास पोहोचले होते. म्हणून हा उत्तरज्ञानाचा न्याय ठरत नाही.

दुसरा मुद्दा वर्गीकरणाचा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, १९५१ मध्ये स्वीकारलेल्या परिशिष्ट १३ नुसार चौकशीचा एकमेव हेतू प्रतिबंध हा आहे, दोष वाटणे नव्हे. हेतू प्रतिबंध असेल तर जीवितहानी हा निकष गौण ठरावयास हवा. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मृत्यू पावले. त्याच नकाशावरून झालेल्या त्याच गैरसमजातून दुसऱ्या कंपनीचे विमान सहा आठवड्यांपूर्वी थोडक्यात वाचले होते. ती माहिती त्या कंपनीच्या वैमानिकांपुरतीच राहिली. या अनुभवातून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली वैमानिकांच्या गोपनीय निवेदनांची योजना सुरू झाली. ‘न झालेल्या’ अपघाताला दप्तर मिळाले, ही विसाव्या शतकातील विमान-सुरक्षेची एक मोठी संस्थात्मक घटना होय. भारतात नियामकापासून वेगळी अशी चौकशी-संस्था २०१२ मध्ये स्थापन झाली. चौकशी करणारा आणि नियमन करणारा वेगळा असावा, हे तत्त्व त्यामागे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सुखरूप परतणे हा यंत्रणा सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. विंडसरवर रचना अपयशी ठरली होती; रिकामा विश्रामकक्ष आणि एका कप्तानाचा स्वयंस्फूर्त सराव यशस्वी ठरले होते. संस्थेने या यशाचे श्रेय रचनेच्या खात्यावर जमा केले.

२. पूर्वसूचना दडपण्यासाठी कट असावा लागत नाही. सौजन्य, स्पर्धा, खर्चाची वाटणी, सवलतीची मुदत आणि न केलेल्या कामावरचा शिक्का या रोजच्या कार्यालयीन गोष्टी त्यासाठी पुरेशा होतात.

३. दोष शोधणाऱ्यांचे ज्ञान आणि आदेश देणाऱ्यांचा अधिकार यांत अंतर असेल तर त्या अंतरातच अपघाताला जागा मिळते. १९७२ मध्ये हे अंतर एका दूरध्वनीएवढे होते, १९८८ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीएवढे.

४. इतिहासलेखनाच्या दृष्टीने, मोठ्या अनर्थांबरोबर टळलेल्या अनर्थांचीही साधने जपली व अभ्यासली पाहिजेत. कोसळलेल्या पुलाची चौकशी होते. तडा जाऊन उभ्या राहिलेल्या पुलाची नोंद एखाद्या नस्तीत पडून असते. विद्यालयांच्या प्रयोगशाळा, रुग्णालये, रेल्वे, धरणे या सर्वांच्या इतिहासाला हे लागू आहे.

डेट्रॉइटच्या धावपट्टीवर १२ जून १९७२ रोजी उभे राहिलेले ते विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले. त्याने आणलेला पुरावा चोवीस दिवसांत वाचून संपला होता आणि शिफारशींच्या रूपाने लिहूनही झाला होता. त्यावर अंमल होण्यास ३४६ माणसांचे मरण मध्ये यावे लागले.